परकीय चलनातून नफा: सामान्य माणसाने हिशेब कसा करावा आणि कायदा कुठे तपासावा

डॉलर घेऊन ठेवावा आणि भाव चढल्यावर विकावा, असे ज्यांना वाटते त्यांनी आधी एक जुना हिशेब करून पाहावा. जानेवारी २०१४मध्ये डॉलर साधारण ६२ रुपयांना मिळत होता. जानेवारी २०२४मध्ये तो साधारण ८३ रुपयांवर होता. ही वाढ वर्षाला तीन टक्क्यांहून किंचित कमीच भरते. म्हणजे हजार डॉलरांत घातलेल्या ६२,००० रुपयांचे ८३,००० झाले असते, तर सरासरी सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत तीच रक्कम, कर वजा होण्यापूर्वी, १,२२,००० रुपयांच्या घरात गेली असती. रुपया घसरतो हे खरे आहे. परंतु आपल्याकडचे व्याजदर अमेरिकेपेक्षा सहसा चढे असल्यामुळे त्या घसरणीची भरपाई ठेवीदाराला व्याजातूनच होत असते. शिवाय रुपया सतत एकाच दिशेने जात नाही. ऑगस्ट २०१३च्या अखेरीस डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला होता आणि मे २०१४मध्ये तो ५९च्या आसपास उतरला. घबराटीत घेणाऱ्याला तो भाव पुन्हा दिसेपर्यंत बराच काळ थांबावे लागले.

नोटा साठवण्याला कायद्याचीही मर्यादा आहे. परदेशातून परतल्यावर उरलेल्या नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंतच्या जवळ ठेवता येतात आणि बाकीच्या १८० दिवसांत अधिकृत विक्रेत्याकडे द्याव्या लागतात.

खरा धोका चलनाच्या भावावर पैसे लावायला देणाऱ्या मोबाइलवरच्या फॉरेक्स अ‍ॅपमध्ये आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, हे सांगून अनेकांना भुलवले जाते. त्याच योजनेत परदेशी मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी ठेवायची अनामत, भरण्यासाठी किंवा परदेशात चलनाचा सट्टा करण्यासाठी पैसे पाठवण्यास मनाई आहे, हे मात्र सांगितले जात नाही. अशा व्यवहाराबद्दल फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम १३ खाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो पैसे पाठवणाऱ्याला होतो. सप्टेंबर २०२२पासून रिझर्व्ह बँक अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध करते. ती अवश्य पाहावी, पण तेवढ्यावर थांबू नये. यादीत नाव नसणे म्हणजे परवानगी असणे नव्हे, असे बँकेने स्वतःच स्पष्ट केले आहे. अधिकृत व्यक्तींची आणि अधिकृत मंचांची यादीही त्याच संकेतस्थळावर असते. पैसे भरण्यासाठी एखाद्या व्यक्तीचा यूपीआय क्रमांक दिला जात असेल, तर सरळ दूर राहावे, पुढची चौकशी करण्याचीही गरज नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी गणित विरोधातच जाते. अशा मंचाने दिलेल्या पाचशे पट उधारीवर २०,००० रुपये भरणारा माणूस एक कोटी रुपयांचा व्यवहार अंगावर घेतो, आणि दर फक्त ०.२ टक्के उलटा गेला की त्याची सगळी रक्कम संपते. युरो-डॉलरचा दर एवढा कोणत्याही साध्या दिवशी हलतो. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोसमोर फ्रँकला घातलेली मर्यादा अचानक काढली, तेव्हा काही मिनिटांत फ्रँक इतका उसळला की अनेक ग्राहकांकडेच ब्रोकरचे पैसे थकले. युरोपीय नियामकाने २०१८मध्ये प्रमुख चलनांवरील उधारी तीस पटींवर आणली. या प्रकारच्या व्यवहारांत किरकोळ ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात, असे त्याने त्या वेळी नमूद केले होते.

ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत, त्यांनी ‘रक्कम सोडवण्यासाठी आधी कर भरा’ अशी मागणी आल्यास एक रुपयाही देऊ नये, संदेश व पावत्या जपाव्यात आणि तत्काळ सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

भारतीय शेअर बाजारांत २००८पासून चलनाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारे सौदे, आहेत. हजार डॉलरचा एक लॉट असतो, त्यामुळे भाव एक रुपयाने हलला की हजार रुपयांचा फरक पडतो. परंतु मे २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार रुपयाच्या वायद्यांमागे परकीय चलनाची खरी, ठरलेली देणी-घेणी असणे बंधनकारक आहे. दहा कोटी डॉलरपर्यंत त्याचा कागद आधी दाखवावा लागत नाही, एवढीच सवलत आहे. केवळ अंदाजावर खेळण्याची मुभा नाही.

मग सामान्य माणसाला लाभ कुठे होतो? ज्याला परकीय चलन खरोखर लागते किंवा मिळते, त्याला तो भावातल्या फरकात होतो. मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी १०,००० डॉलर पाठवताना बँकेने बाजारभावावर एक रुपया जास्त लावला, तर १०,००० रुपये जातात. म्हणून शाखेत फलकावरचा दर मान्य करण्याआधी त्याच वेळचा बाजारभाव पाहावा, दोन-तीन बँकांकडून सर्व शुल्कांसह अंतिम आकडा लेखी मागावा आणि मोठ्या रकमेसाठी दर कमी करण्याची विनंती निःसंकोच करावी. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ऑगस्ट २०१९मध्ये सुरू केलेल्या एफएक्स-रिटेल मंचावर ग्राहकाला बाजाराच्या दराने डॉलर घेता येतो आणि बँकेचे शुल्क वेगळे दिसते. आपली बँक त्यात आहे का, हे विचारावे. शिक्षणशुल्काच्या तारखा आधीच ठाऊक असतील तर हप्त्याहप्त्याने डॉलर घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण त्यात भावाचा अंदाज बांधावाच लागत नाही.

आखातात काम करणाऱ्यांनी, विशेषतः कोकणातल्या कुटुंबांनी, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमिरातीचा दिरहम १९९७पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे दिरहमचा भाव पाहताना प्रत्यक्षात डॉलर-रुपयाचाच भाव पाहिला जातो. घरखर्चाची रक्कम भावाची वाट न पाहता दरमहा पाठवावी. शिल्लक रकमेचे रुपये आज करायचे नसतील, तर अनिवासी भारतीयांसाठीच्या एफसीएनआर ठेवीत ती एक ते पाच वर्षे परकीय चलनातच राहते आणि अनिवासी असेपर्यंत तिच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर लागत नाही. अनिवासींच्याच, पण रुपयांतल्या, एनआरई मुदत ठेवीत व्याज सहसा जास्त मिळते, पण रुपयाच्या घसरणीची जोखीम ठेवीदाराची असते. पुढे पैसे रुपयांतच खर्च होणार असतील तर एनआरई आणि परदेशातच लागणार असतील तर एफसीएनआर निवडावी.