वळणातून निघताना आतलं चाक फिरतं?

ऑटोक्रॉसमध्ये (वळणावळणाच्या छोट्या मार्गावर वेळ लावून गाडी पळवायची शर्यत) वळण संपताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागचं आतलं चाक जागीच फिरतं आणि वेळ जातो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते अशा गाडीत बहुतेक जण लगेच स्प्रिंग बदलायला धावतात. त्याआधी हे करा, खर्च जवळजवळ शून्य.

१. आधी टायरची हवा. टायरच्या कडेला, बाजूच्या भिंतीपर्यंत, खडूची आडवी रेघ ओढा. फेरीनंतर कडेवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्याही खालचा खडू पुसला असेल तर हवा कमी आहे, खुणेच्या बराच वर राहिला असेल तर जास्त. एका वेळी १ ते २ पीएसआयच बदला. मोजायची ती फेरी संपताच, टायर गरम असताना.

२. मग मागचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळताना गाडी कमी कलू देणारा दांडा) एक पायरी मऊ करा. टोकाला भोकं असतील तर लिंक (बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी दांडी) बाहेरच्या भोकात, म्हणजे टोकाच्या जवळ, न्या. दोन्ही बाजूंना सारखंच. खरा फरक इथेच पडतो: आतलं चाक जमिनीवर दाबलेलं राहतं.

३. लिंकची लांबी मात्र गाडी चाकांवर उभी असताना, चालकाच्या जागी कुणीतरी बसवून जुळवा. नाहीतर बारमध्ये आधीच पीळ राहतो आणि गाडी डावीकडे एक, उजवीकडे दुसरंच वागते.

प्रत्येक बदल वहीत लिहा.

सांभाळा: मागचा बार फार मऊ केला तर वळताना पुढची चाकं बाहेर सरकू लागतात. तसं जाणवलं की एक पायरी मागे या.