नक्षीची टाइल घ्यायला निघालात? आधी या चुका टाळा

जुळे सोलापुरात घर बांधताना व्हरांड्यासाठी मी ८ इंची नक्षीची टाइल पसंत केली. नमुन्याचा एक तुकडा घेऊन ऐटीत साइटवर गेलो. गवंडीमामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "एका फरशीवर नक्षी कळती का? चार आणा, मांडून बघू की."

मांडल्यावर कळलं, चार टाइल मिळून एक फूल होत होतं. माझा व्हरांडा १० फूट बाय ४ फूट ८ इंच. म्हणजे लांबीत १५ टाइल आणि रुंदीत ७. दोन्ही आकडे विषम, त्यामुळे दोन भिंतींना अर्धी तुटलेली फुलं आली असती. मामांनी चारी बाजूंनी ४ इंचांची साधी पट्टी फिरवायला लावली. आत उरल्या १४ बाय ६, म्हणजे ८४ टाइल आणि अख्खी २१ फुलं.

सगळ्यात मोठी चूक हीच: लोक हातातला तुकडा निवडतात, जमीन निवडत नाहीत. खरं तर सोलापूरकराला हे शिकवायला नको. चादर घेताना आपण मधली नक्षी बघतो, काठ बघतो, कोपरा जुळलाय का तेही बघतो. नक्षीच्या फरशीचंही तसंच आहे. मधली टाइल, काठाची टाइल आणि कोपऱ्याची टाइल वेगवेगळी मोजायची. कोपऱ्याच्या चार टाइल मागवायला विसरलेलं घर मी पाहिलंय. तिथे काठ एकमेकांना टक्कर देऊन थांबलेत. ऑर्डर देण्याआधी चौकोनी वहीच्या पानावर खोली काढा. एक चौकोन म्हणजे एक टाइल. अर्धा तास जातो, पण पुढची कटकट वाचते.

दुसरी चूक म्हणजे टाइल कशाची आहे हे न विचारणं. आपल्याकडे सगळ्यालाच 'स्टाईल' म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दुकानात 'मोरोक्कन' म्हणून दाखवतात ती बहुतेक वेळा गुजरातेतल्या मोरबीची, छापील नक्षीची सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड (जास्त कडक भाजलेली, पाणी जवळजवळ न पिणारी) टाइल असते. त्यात वाईट काही नाही, फक्त तेवढाच भाव द्यावा. खरी सिमेंट टाइल वेगळी. तिच्यात रंगीत सिमेंटचा काही मिलिमीटरचा थर असतो, म्हणून तुटक्या कडेला रंग आत उतरलेला दिसतो. छापील टाइलचा रंग फक्त वरच्या कातडीत असतो. मुंबईची भारत टाइल्स ही कंपनी स्वदेशीच्या काळात, १९२२ साली, अशा सिमेंट टाइल करण्यासाठीच सुरू झाली. तमिळनाडूतल्या चेट्टिनाड भागात आत्तंगुडी गावी आजही हाताने करतात. काचेवर साचा ठेवून रंगीत सिमेंट ओतायचं, वर वाळू-सिमेंटचा थर द्यायचा आणि मग पाण्यात मुरवायचं. भट्टी नाहीच. तिची चमक काचेमुळे येते.

छापील टाइल घेणार असाल तर एक प्रश्न हमखास विचारा: "या डिझाइनचे फेस किती?" म्हणजे किती वेगवेगळे छाप आहेत. दोनच असतील तर हॉलभर तोच डाग, तीच रेघ पुन्हा पुन्हा दिसते आणि हातकामाचा सगळा भास पहिल्याच दिवशी उडतो. दोन-तीन बॉक्स उघडून जमिनीवर पसरा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

कुठली टाइल कुठे, इथेही लोक फसतात. सुंदर नक्षी बऱ्याचदा भिंतीच्या टाइलवर असते. ती १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते आणि पायाखाली टिकत नाही. जमिनीच्या चांगल्या व्हिट्रिफाइडचं शोषण ०.५ टक्क्यांच्या आत असतं. बॉक्सवर वॉल की फ्लोअर ते लिहिलेलं असतं, वाचा. जयपूरची ब्लू पॉटरी माझी लाडकी, पण तिची जागा देवघराच्या भिंतीवर किंवा आरशाभोवती. जमिनीवर नाही.

सिमेंट टाइल स्वयंपाकघरात लावण्याआधी शेंगाचटणी आठवा. तेल सांडलं की ते आत मुरतं. चिंच-लिंबाचं आंबट पडलं की चकाकी जाते. सीलर (टाइलची बारीक छिद्रं बुजवणारा लेप) मारल्याशिवाय ओट्यामागे लावू नका. आणि सांध्यात गडद रंगाचं ग्राउट (फटी भरायचा मसाला) भरण्याआधी सीलरचा एक हात हवाच, नाहीतर काळपट रंग नक्षीत उतरतो आणि निघत नाही. बाथरूम धुवायचं ॲसिड तर तिच्या आसपासही नको.

वाडे पाडताना निघालेल्या जुन्या टाइल मिळाल्या तर नशीब. पण त्या २० मिलिमीटरच्या आसपास जाड असतात आणि नव्या छापील टाइल ८-१० मिलिमीटरच्या. शेजारी शेजारी बसवायच्या तर खालचा बेड, म्हणजे मसाल्याचा थर, आधीच कमी-जास्त धरावा लागतो, नाहीतर दारात ठेच लागते. पाठीला चिकटलेला चुना काढताना निम्म्या फुटल्या तर काय, हाही हिशोब आधी करा.

माल कमी मागवणं ही जुनीच चूक. सरळ बसवायची तर १० टक्के जास्त, तिरपी किंवा नक्षी जुळवायची तर १५ टक्के. बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर सगळीकडे एकच आहे ना, ते टेम्पोतून माल उतरवतानाच बघा. एकदा बसवल्यावर दुकानदार काहीही ऐकत नाही, आणि त्याचंही चूक नाही.

आता बसवून झालेल्या फरशीच्या तक्रारी.

वाजवली की पोकळ आवाज येतो: व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती धरत नाही. टाइल ॲडेसिव्ह वापरायचं, तेही पूर्ण पाठीला, चार कोपऱ्यांत चार गोळे लावून नव्हे. एखाददुसरी टाइल पोकळ असेल तर काढून बसवता येते. बॅचमधल्या उरलेल्या टाइल माळ्यावर ठेवायच्या त्या यासाठीच.

पांढरी पूड येते: सिमेंटमधले आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार वर येतात. कोरड्या ब्रशने झाडा, ओल कुठून येते ते शोधा. सीलर घाईने मारलात तर तो क्षार खाली अडकून डाग कायमचा होतो.

लांब टाइलच्या कडा वर-खाली लागतात: २ बाय ४ फुटी टाइल मधे किंचित फुगीर असते. विटांसारखी अर्ध्यावर जोडली की एकीचा फुगवटा दुसरीच्या टोकाशी येतो. सांधा एक तृतीयांशावर घ्या.

तळमजल्याला ओळीने तडा गेला: टाइलला शिव्या देण्याआधी खाली बघा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोत्यात मुरूम नीट दाबून भरला नसेल तर कितीही महाग टाइल घ्या, ती भेगाळतेच.

मे महिन्यात अचानक फरशी तंबूसारखी उचलली जाते: सोलापुरात पारा ४० च्या वर गेला की टाइल फुगते आणि तिला सरकायला जागा नसते. गवंडी अभिमानाने 'पेपर जॉइंट' देतात, म्हणजे फटच ठेवत नाहीत. २-३ मिलिमीटरचा सांधा मागा, आणि भिंतीलगत थोडी फट सोडून ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली) झाकायला सांगा. उचललेली ओळ हातोडीने ठोकून बसवू नका. एक टाइल कापून काढा, दाब सुटला की बाकीच्या पुष्कळदा खाली बसतात. त्यांच्याखालचा जोड मात्र सुटलेलाच असतो, तेव्हा त्याही काढून पुन्हा चिकटवाव्या लागतात.