जुन्या खुर्चीला दुधाचा रंग

माळ्यावरची सागवानी खुर्ची रंगवायची असेल तर आधी जुनं पॉलिश पॉलिशपेपरनं घासून काढा. मी आळस केला होता. आठवड्यात पापुद्रे सुटले.

हा रंग दुधापासूनच करायचा. त्यासाठी साय पूर्ण काढलेलं 1 लिटर दूध लिंबू पिळून फाडा. चोथा फडक्यात बांधून पाण्यानं धुवा. त्यात विरवलेल्या चुन्याचे दोन मोठे चमचे घालून घोटा. चोथ्याच्या गुठळ्या विरघळून चिकट, खळीसारखं होतं, तेच बघण्यासारखं! (हातमोजे घाला, चुना बोटं खातो.) गाळून त्यात गेरू किंवा पिवडी कालवा. चुन्यात हे रंग उडत नाहीत. लागेल तसं पाणी घालून पातळ करा.

रंग त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी नासतो. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तर अंगणात रंगवूच नका, ब्रश फिरायच्या आत सुकतो. सकाळी ओसरीत दोन पातळ हात द्या.

पूर्ण वाळल्यावर जवसाचं तेल चोळा, नाहीतर पाण्याचे डाग पडतात. रंग थोडा गडद होईल. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतं. पाण्यात बुडवून ठेवा.