मानसशास्त्र शिकायचंय? आधी एक वही आणा

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की लातुरातल्या माझ्या खोलीबाहेरचा बाक भरून जातो. कुणाची झोप उडालेली असते, कुणाचं जेवण तुटलेलं असतं. त्यांच्यातच दर वर्षी दोन-तीन लेकरं अशी निघतात, जी खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणतात, "मॅडम, मला तुम्ही करता ते करायचंय." सोबतची आई पदर सावरत विचारते, "पण याला पुढं काय असतंय?" तिला पंधरा मिनिटांत जे नीट सांगता येत नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे मनाच्या त्रासासाठी चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करणारी. बी.ए. लातुरात केलं, एम.ए. पुण्यात आणि त्यानंतर दोन वर्षांचं एम.फिल. रांचीच्या केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थेत. बारावीनंतर एकूण सात वर्षं. हा आकडा घरात पहिल्याच दिवशी सांगून टाका. चुलतभाऊ इंजिनिअर होऊन पगार आणू लागलेला असतो तेव्हा आपण अजून परीक्षाच देत असतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पगारही बेताचाच असतो. वडिलांना हे आधी माहीत असेल तर ते मागे उभे राहतात. मधेच कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

आता वहीचं. शंभर पानी साधी वही घ्या आणि माणसं आपला त्रास कोणत्या शब्दांत सांगतात, ते तिच्यात उतरवायला लागा. नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही, फक्त वाक्य. रांचीत मी केस वाचून दाखवत असताना माझ्या मार्गदर्शक मॅडम मला दर वेळी थांबवायच्या. "रुग्णाला नैराश्य आहे, हे तू म्हणतेस. रुग्ण काय म्हणाला?" मला आठवायचंच नाही. ऐकता ऐकता मी त्याचं बोलणं पुस्तकाच्या भाषेत फिरवून टाकलेलं असायचं. तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहायची, हा या कामाचा पहिला नियम, आणि तो अंगी लागायला मला सहा महिने लागले.

लातूरला परत आले तेव्हा त्याची किंमत कळली. औशाकडची एक बाई कित्येक वर्षं म्हणत होती, "डोस्क्यात मुंग्या चालतेत." (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तुम्हीही हे आजपासूनच शिका.) डोक्याचे फोटो काढून झाले, गोळ्या झाल्या, देवऋषीही झाला. तिला कुणी विचारलंच नव्हतं की मुंग्या कधी चालतात. मी विचारलं. ती म्हणाली, "सांजच्याला. घरात कुणी नसतंय तवा." तिथून पुढे दीड तास ती बोलत होती. करमत नाही, अन्न गोड लागत नाही, जीव घाबरा होतो, बाहेरचं झालंय, धसका घेतलाय: या शब्दांना इंग्रजी प्रश्नावलीत चौकट नाही. त्यांच्या मागे काय आहे ते शोधणं हेच आपलं शिक्षण.

धसका हा शब्द माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. आजीचं गाव औसा तालुक्यातच. घराची एक भिंत पडली, माणसं वाचली. पण त्यानंतर आजी कितीतरी वर्षं घरात झोपली नाही. थंडीत, पावसात, ओसरीच्या कडेला बाज टाकून पडायची. सगळे म्हणायचे, म्हातारीनं धसका घेतलाय. पुण्यात एम.ए.ला आघातानंतरच्या ताणविकाराचा तास चालू होता आणि मला समोर ती बाज दिसत होती. याच्यावर काही करता येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आजी तोवर गेली होती.

पदवीसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. पहिल्या वर्षी बऱ्याच मुलांची निराशा होते, कारण त्यांना मन वाचायला शिकायचं असतं आणि हातात येतो प्रात्यक्षिकाचा जर्नल. म्युलर-लायर भ्रमाच्या (सारख्याच लांबीच्या, पण लहान-मोठ्या दिसणाऱ्या) रेषा, प्रतिक्रियाकाळ, स्मृतिविस्तार. कंटाळू नका. हा विषय प्रयोगशाळेतूनच आला आहे: १८७९ साली व्हुंट यांनी जर्मनीत लायपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली, आणि आपल्याकडे कोलकाता विद्यापीठात १९१६ साली विभाग सुरू झाला तोही प्रायोगिक मानसशास्त्राचा. "मला वाटतं" आणि "मी मोजलं" यांतला फरक त्या जर्नलमधूनच हाताला लागतो.

संख्याशास्त्राला घाबरून विषय सोडणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक काम देते. लातूर-औसा एसटीची ठरलेली वेळ आणि ती प्रत्यक्षात आली ती वेळ, असं पंधरा दिवस लिहा. मग उशिराची सरासरी काढा आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, काढा. दोन गाड्यांचा सरासरी उशीर सारखाच, दहा मिनिटं, असू शकतो. पण एक रोज दहाच मिनिटं उशिरा येते, तर दुसरी कधी वेळेवर आणि कधी अर्ध्या तासाने. स्टँडवर उभ्या माणसाचा जीव काढते ती दुसरी गाडी. प्रमाण विचलन म्हणजे काय, हे यानंतर कुणी विसरत नाही. पुढे सहसंबंध आणि टी-चाचणी करायला जामोवी किंवा जास्प ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर वापरा.

पाठ्यपुस्तकं मराठीत वाचता येत असतील तर जरूर वाचा, पण दुसऱ्या वर्षापासून इंग्रजीही सुरू करा. पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आणि शोधनिबंध बहुतेक इंग्रजीतच असतात. मी एका बाजूला अपसामान्य मानसशास्त्र, बोधात्मक मानसशास्त्र असे मराठी शब्द आणि समोर इंग्रजी शब्द लिहून भिंतीवर तक्ता लावला होता. मराठी माध्यमातून आल्याने मी मागे पडले, असं मला कधीच वाटलं नाही. पेशंट मराठीत रडतो.

चाचण्यांचंही तसंच आहे. स्टॅनफर्ड-बिने बुद्धिमापन चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. आज ती बिने-कामत चाचणी म्हणून ओळखली जाते. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिचाचणीचं भारतीय रूप मालिन यांनी नागपुरात तयार केलं. परक्या भाषेत प्रश्न विचारला तर बुद्धी मोजली जात नाही, भाषा मोजली जाते, हे त्यांनी ओळखलं होतं. मात्र या चाचण्यांचे निकष कित्येक दशकांपूर्वीचे आहेत. म्हणून नुसता आकडा लिहून लेकराच्या हातात कागद देऊ नका; शाळेतलं काम, घरातलं वागणं, सगळं बघून मगच लिहा. त्या एका कागदावर त्याला दहावीला जादा वेळ मिळणार की नाही, हे ठरतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली, तेव्हापासून हे काम खूप वाढलं आहे आणि ते नीट करणारी माणसं कमी आहेत.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो तिथे येऊ. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या करतो, निदानाला मदत करतो, औषधाविना, बोलण्यातून उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असावी लागते. एम.ए. झालेला समुपदेशक शाळेत, संस्थेत, खासगीत काम करू शकतो, पण त्याने स्वतःला क्लिनिकल म्हणवून घेऊ नये. पाटीवरचा तो एक शब्द वाचून माणूस आपला जीव तुमच्या हाती देतो.

क्लिनिकलची वाट सध्या बदलते आहे, त्यामुळे माझं ऐकून माझ्याच वाटेने निघू नका. एम.फिल. ही पदवी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ च्या नियमांनी बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजीला मात्र २०२५-२६ पर्यंत मुभा दिली होती. तिच्या जागी आरसीआयने चार वर्षांचं बी.एस्सी. ऑनर्स, दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि त्यापुढे साय.डी. (मानसशास्त्रातली डॉक्टरेट) असे अभ्यासक्रम आणले आहेत. नुसत्या साध्या एम.ए.वर ही नोंदणी मिळत नाही. आणि दुसरी गोष्ट: जुलै-ऑगस्ट २०२५ पासून मानसशास्त्राच्या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने द्यायला यूजीसीने बंदी घातली आहे. "घरी बसून एम.ए. करा" असं कुणी सांगत असेल तर पैसे भरू नका.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि एकच गोष्ट खोदून विचारा: तुम्ही पेशंटशी बोलत असताना तुमच्या शेजारी कोण बसलं होतं? मी पुण्यात असताना सहा आठवड्यांचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला होता. फी आईने भिशीच्या पैशातून दिली. शेवटच्या दिवशी हातात "थेरपिस्ट" असं छापलेला कागद आला आणि त्या सहा आठवड्यांत माझ्यासमोर एकही माणूस बसला नव्हता. तो कागद मी कधीच भिंतीवर लावला नाही. हे काम पोहण्यासारखं आहे. काठावरून कुणीतरी बघणारं, ओरडणारं, हात धरणारं लागतं. रांचीत माझी एक चूक, एका बापाला घाईघाईने दिलेला दिलासा, मॅडमनी मला चार वेळा तेच बोलणं परत करायला लावून सुधारून घेतली होती. त्या बापाला दिलासा नको होता, त्याला आधी पूर्ण बोलायचं होतं.

नोकऱ्यांचं म्हणाल तर शाळा आणि क्लासेस यांत सध्या सर्वांत जास्त हालचाल आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना, कोचिंग क्लाससुद्धा त्यात आले, किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. लातुरात राहणाऱ्या माझ्यासारखीला याचा अर्थ फार मोठा आहे. वसतिगृहाच्या चार बाय सहाच्या खाटेवर दोन वर्षं काढणाऱ्या मुलांजवळ कुणीतरी असेल. शाळेत जाणार असाल तर मुलाखतीतच विचारून घ्या की बसायला बंद दार असलेली खोली मिळेल का आणि समुपदेशकाला ऑफ तासाला वर्गावर पाठवतात का. सकाळी ज्या बाईंनी गप्प बसवलं, त्यांच्याकडे दुपारी मूल मन मोकळं करत नाही.

सरकारी यंत्रणेत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, लहान मुलांची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, किशोरवयीनांची मैत्री क्लिनिकं, एचआयव्ही समुपदेशन केंद्रं, शिवाय येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. यातली बरीच पदं कंत्राटी असतात, पण पहिली दोन वर्षं तिथे काढा असंच मी सांगेन. एवढ्या प्रकारची माणसं दुसरीकडे भेटत नाहीत. व्यसनमुक्तीचं काम जवळून पाहायचं तर पुण्याचं मुक्तांगण, १९८६ पासून चालू आहे. मानसिक आरोग्यावर काम करणारी ठाण्याची आयपीएच ही संस्थाही जाऊन बघण्यासारखी.

कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्या. कंपन्यांत मनुष्यबळ विभागात औद्योगिक मानसशास्त्रवाल्यांना काम मिळतं. सैन्यदलाच्या निवड मंडळांतही मानसशास्त्रज्ञ असतात. गुन्हेगारीच्या मालिका बघून न्यायवैद्यक मानसशास्त्र करायचं म्हणणाऱ्यांनी आधी २०१० चा सेल्वी खटल्याचा निकाल वाचावा: संमतीशिवाय नार्को किंवा पॉलिग्राफ करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. ते क्षेत्र आहे, पण जागा थोड्या.

एक गोष्ट जपून सांगते. स्वतःचं दुखणं समजून घ्यायला अनेक जण या विषयाकडे येतात. त्यात काही वावगं नाही, मीही आजीमुळेच आले. पण आत्ता, या महिन्यात जर झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रवेश अर्ज हा त्यावरचा उपाय नाही. १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही सावरा. विषय पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

प्रवेशाच्या आठवड्यात एवढं करा. आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव आणि मान्यतेचं चालू वर्ष, दोन्ही तपासा. मान्यता ठरावीक मुदतीची असते आणि जुन्या वर्षाचा कागद दाखवला जातो. मान्य जागा किती आहेत तेही बघा. प्रवेश झाल्यावर पहिल्या पेशंटपासून लॉगबुक ठेवा: तारीख, किती वेळ, काय केलं, कुणाच्या देखरेखीखाली. आणि सही त्याच आठवड्यात घ्या. दोन वर्षांनी सह्या गोळा करायला निघाल तर मॅडमची बदली झालेली असते.