वळीव पडला की लगेच फवारताय? बागेतल्या या चुका टाळा

जोतिबाची चैत्र यात्रा झाली की आपल्या कोल्हापुरात दुपारचं आभाळ भरून यायला लागतंय, वळीव दणकून पडतो आणि सकाळी टेरेसवर जावं तर जास्वंदीच्या कळ्या खाली पडलेल्या, मोगरा मातीत लोळतोय, गुलाबाची पानं चिकट. मग काय, घेतली बाटली आणि सुटलो फवारत. मी पण हेच करायचो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिसला किडा की मार. गुलाबाच्या शेंड्यावर मावा (रस शोषणारे बारके किडे) आला होता, त्यात काळ्या, केशरी ठिपक्यांच्या, बारक्या मगरीसारख्या अळ्या फिरत होत्या, मला वाटलं हे नवीनच संकट, सगळ्या चिरडल्या. नंतर कळलं, ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबगची पिल्लं, मावाच खायला आली होती 🤦 मिलीबगचं तर अजून अवघड, त्याला खाणाऱ्या एका ढालकिड्याची अळी पण तशीच पांढरी कापसासारखी दिसते, फक्त ती मोठी असते आणि चुरूचुरू चालते. म्हणून आधी पाच मिनिटं नुसतं बघत बसा की.

मुंग्या दिसल्या तर मुंग्यांची पावडर टाकून गप्प बसू नका. त्या माव्याचा नाहीतर मिलीबगचा गोड चिकटा चाटायला येतात, आणि वर त्यांची राखण पण करतात. पान उलटून बघा, मावा असला तर पाइपच्या जोरदार पाण्यानंच निम्मा जातोय.

जास्वंदीची कळी गळली तर ती उचलून चिरा, आत अळी किंवा बारीक किडे नसतील तर पाणी साचलंय का ते बघा, कुंडीखालची ताटली आधी काढा. मोगऱ्याची कळी जांभळट पडून तिला भोक दिसलं तर आत अळी असते, अशा कळ्या तोडून लांब टाका, झाडाखाली नको. गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या तर पांढऱ्या कागदावर फूल झटका, बारीक रेघांसारखं काही पळालं तर ते फुलकिडे म्हणजे थ्रिप्स.

एवढं बघून पण फवारायचंच असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि थेंबभर लिक्विड साबण. पण भर उन्हात नको, पानं करपतात, आणि दुपारी ढग जमलेत म्हणून घाईनं तर अजिबात नको, तासाभरात सगळं धुऊन गटारात. संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर, आणि उमललेली फुलं सोडून.

लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतंय ना, ती फुलपाखराची अळी असते, झाड मोठं असेल तर राहू दे, चार पानं खाल्ली तर काय बिघडत नाही.

आणि सकाळी पानं कुरतडलेली पण किडा कुठंच नाही, असं झालं तर रात्री दहाला टॉर्च घेऊन जावा, कुंडीच्या कडेखाली गोगलगाई सापडतील. परवा मी असाच वाकून शोधत होतो, तर शेजारच्या काकू गॅलरीतनं म्हणाल्या, "काय हरवलंय काय रे?"