गॅस गिझर पेटंना गेलाय? या चुका टाळा

नरक चतुर्दशीला पहाटे साडेचारपासून माझा फोन वाजतो. अंगाला तेल-उटणं चोळून माणूस न्हाणीघरात उभा, नळ सोडलेला आणि गिझर गप्प. "मामा, गिझर पेटंना गेलाय, जरा लवकर या." होळीपासून दिवाळीपर्यंत ज्या डब्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, त्यानं त्या पहाटे मात्र मुकाट पेटायला पाहिजे. परभणीत उन्हाळ्यात टाकीतलंच पाणी अंग पोळवतं, त्यामुळे गिझरची आठवण थंडीशिवाय होत नाही, हे मला कबूल आहे. पण होळीनंतर त्यातले दोन सेल काढून ठेवायला किती वेळ लागतो? सात-आठ महिन्यांत ते फुटतात, आतलं पाणी पत्र्याच्या पट्ट्यांवर उतरतं आणि पट्ट्या हिरव्या-पांढऱ्या होतात. मग नवे सेल घातले तरी करंट पुढं जात नाही आणि माणूस म्हणतो, "सेल तर नवे टाकले की!" पट्ट्या पॉलिश पेपरनं घासा. सेल जोडीनं बदला, एक जुना आणि एक नवा अशी काटकसर नको. घड्याळात चाललेला सेल गिझरला चालतो, असंही समजू नका.

आता मुख्य मुद्दा. गिझर पेटला नाही की लोक पहिल्यांदा सिलिंडर हलवून बघतात. मी पहिल्यांदा नळ सोडतो आणि कान देतो. गॅस गिझरला हुकूम देतं पाणी. पाण्याच्या जोरानं आतला रबरी पडदा सरकतो, तो एक बारीक दांडी ढकलतो, दांडी मायक्रोस्विच म्हणजे आतलं बारीक बटण सोडते, मग टकटक करत ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. पाण्यात जोर नसेल तर पुढचं काहीच होत नाही, सिलिंडर काठोकाठ भरलेला असला तरी. म्हणून नळ सोडल्यावर टकटक आवाजच येत नसेल तर गॅसच्या नादी लागू नका. दोष सेलमध्ये, पाण्यात किंवा स्विचमध्ये आहे. टकटक येते पण जाळ धरत नाही, तेव्हा गॅसकडे बघा. जाळ धरतो आणि चार-पाच सेकंदांत विझतो, तेव्हा जाळ ओळखणारी दांडी काजळलेली असते किंवा जागची हललेली असते.

हे मी आज शहाणपणानं सांगतोय, पण शिकलो फजितीतून. वसमत रोडकडं एका घरी वरच्या मजल्यावर गिझर होता. तक्रार अशी की कधी पेटतो, कधी नाही. मी सेल बदलले. दोन दिवसांनी पुन्हा फोन. मग सर्किट बदललं, त्याचे पैसेही घेतले. चौथ्या दिवशी पुन्हा फोन. घरातले आबा सोप्यात बसून हसायले होते. "मला तर रोज पेटतोय. ह्या पोरांनाच काहून पेटंना?" मला वाटलं, म्हातारा मजा घेतोय. गॅसचा व्हॉल्व्हही खोलून पाहिला, त्यात काही नव्हतं. शेवटी सकाळी सहाला जाऊन तिथंच बसलो. आबा पहिल्या नंबरला आंघोळीला गेले, नळाखाली बादली लावली, गिझर भक्कन पेटला. त्यानंतर नातू गेला, त्यानं शॉवर सोडला आणि गिझर गप्प.

तेव्हा कुठं मी गच्चीवर गेलो. हजार लिटरची टाकी दोन विटांवर ठेवलेली. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे टाकी बहुतेक वेळा अर्धीच. आता हिशोब करा. न्हाणीघराच्या फरशीपासून गच्ची दहा फुटांवर, अर्ध्या टाकीतलं पाणी बारा फुटांवर, शॉवर सात फुटांवर. म्हणजे पाण्याला उतार मिळाला पाच फुटांचा. बार हे दाबाचं माप. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब धरतात, तर पाच फुटांना एका बारच्या जेमतेम पंधरा टक्के, आणि त्यातही पाईपच्या कोपरांनी आपला वाटा खाल्ला. आबांचा नळ दोन फुटांवर, त्यांना दहा फूट मिळायचे. गिझरच्या पाटीवर किती दाब लागतो ते छापलेलं असतं, पण ती पाटी मीही वाचली नव्हती. सर्किटचे पैसे परत केले, लोखंडी अँगलचा चार फुटी स्टँड करायला सांगितला आणि तीन कोपर काढून पाईप सरळ घेतला. तेव्हापासून कुठंही गेलो की आधी गच्ची बघतो. गिऱ्हाइकाला वाटतं, मामाला गच्चीवर काय काम?

दाब नीट असूनही धार करंगळीएवढी येत असेल तर पाण्याच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती काढून धुवा. बोअरच्या पाण्यातली वाळू तिथं अडकते. आपल्याकडच्या जड पाण्यानं आतल्या तांब्याच्या नळीत क्षारही बसतात. त्यासाठी कोमट पाण्यात लिंबूसत्व कालवून नळीत तासभर ठेवायचं. संडास साफ करायचं ॲसिड ओतणारे महाभाग मी पाहिलेत. क्षार निघाले, सोबत नळीला भोकही पडलं.

सिलिंडर नुकताच बदलला असेल तर पाईपमध्ये हवा असते. दोन-तीन वेळा नळ बंद-चालू करा, मध्ये मिनिटभर थांबा. हे 'मिनिटभर थांबा' कुणालाच जमत नाही. एका गिऱ्हाइकाच्या पोरानं टकटक टकटक दहा-बारा वेळा केली आणि तरी पेटेना म्हणून खालून काडी लावली. तोवर जमलेला गॅस एकदम पेटला. भुवया गेल्या, पुढचे केस गेले, डोळे वाचले. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि तिथंच बसून राहतो. वास आला तर काडी नको, लाईटचं बटण नको, पंखाही नको. रेग्युलेटर बंद करा, दार-खिडकी उघडा आणि बाहेर या. गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे, तो लक्षात ठेवा. गॅस गळतोय का हे पाहायला साबणाचा फेस लावा. 'काडी लावून बघतो' म्हणणाऱ्याच्या घरी मी थांबत नाही.

गॅस कमी येतोय म्हणून सिलिंडर आडवा करू नका, टबात गरम पाणी घालून त्यात ठेवू नका आणि हॉटेलातलं हाय प्रेशर रेग्युलेटर तर बिलकुल लावू नका. गिझर चुलीच्या एका बर्नरच्या चार-पाच पट गॅस ओढतो. त्यामुळे एकाच सिलिंडरवर स्वयंपाक आणि आंघोळ एकदम चालत असेल आणि सिलिंडर संपत आलेला असेल, तर गिझर रुसणारच. नारिंगी पाईपवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षं झाली की बदला.

कुंभारमाशी. हिच्याबद्दल कुणी बोलत नाही, पण पावसाळ्यात बंद गिझरच्या बर्नरमध्ये ती मातीचं घर बांधते आणि गॅसची वाट बुजते. मऊ ब्रशनं काढा. जेट म्हणजे गॅस सुटायची तोटी, तिच्या भोकात सुई घालू नका, भोक मोठं झालं की जाळ पिवळा होतो आणि काजळी धरतो.

जाळ पिवळा झाला की मला सगळ्यात जास्त भीती वाटते. परभणीत कृषी विद्यापीठाचा पारा सहा अंशांवर आला की लोक खिडकीत कापड कोंबतात आणि आतच गिझर चालवतात. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. चक्कर येते, माणूस बसतो आणि उठत नाही. न्हाणीघरात बसवलेला गिझर मी दुरुस्त करत नाही. आधी तो बाहेर गॅलरीत काढा, तोंडातून 'पण जागाच नाही' येण्याआधी. यावरून दोन-तीन गिऱ्हाईकं तुटली, तुटू द्या.

आणि मिस्त्रीला फोन करताना 'पेटंना गेलाय' एवढंच सांगू नका. टकटक येते का, जाळ येऊन जातो का, बादलीला पेटतो पण शॉवरला नाही असं होतं का, टाकी किती भरलीय, एवढं सांगितलं तर निम्म्या वेळा मी फोनवरच काम करून देतो. नरक चतुर्दशीला मात्र सहाच्या नंतर करा. त्या वेळी माझ्याही अंगाला उटणं लागलेलं असतं.