हेगला जायचंय? आधी रजिस्टर वाचायला शिका

दरवर्षी निकाल लागले की दोन-चार मेसेज हमखास येतात. कायद्याच्या शेवटच्या वर्षाची मुलं, कुणी राज्यशास्त्राचं. "ताई, युद्धगुन्ह्यांच्या क्षेत्रात काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

माझे वडील सातारा जिल्ह्यात तलाठी होते. मी पुण्यात कायदा केला, दोन वर्षं जिल्हा न्यायालयात तारखा घेतल्या आणि 2014 मध्ये एलएलएमसाठी नेदरलँड्सला गेले. पहिल्याच महिन्यात हेग शहरात, माजी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणात जाऊन प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले. काचेपलीकडे रात्को म्लादिच. बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा ज्याच्या सैन्याने घेतलं, तो सेनापती. अंगावर काटा येईल अशा तयारीने गेले होते. प्रत्यक्षात दीड तास एकाच नकाशावर उलटतपासणी चालली: कोणती तुकडी रस्त्याच्या या बाजूला होती की त्या. शेजारचा विद्यार्थी हेडफोन लावून चक्क झोपला होता.

हे काम असंच असतं. ज्यांना रोज अन्यायाविरुद्ध उभं राहिल्यासारखं वाटायला हवं, ती मुलं इथे वर्षभरात कंटाळतात. टिकतात ती हिशेबाच्या वह्या वाचणारी.

स्रेब्रेनित्साचंच बघा. 11 जुलै 1995 ला हे गाव बोस्नियन सर्ब सैन्याने घेतलं आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले. कोर्टात हे सिद्ध कशाने झालं? जीव वाचलेल्यांच्या साक्षी होत्याच. ड्राझेन एर्देमोविच नावाच्या सैनिकाने ब्रान्येव्होच्या शेतावर आपण गोळ्या घातल्याचं स्वतःच कबूल केलं होतं. पण वरच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचायला कागद लागतो. विरुद्ध बाजूचे बोस्नियन सैनिक टेकड्यांवर बसून सर्ब सैन्याची रेडिओवरची बोलणी ऐकायचे आणि साध्या वह्यांत हाताने उतरवून घ्यायचे. त्यांतल्या 16 जुलैच्या, म्हणजे ब्रान्येव्होच्या गोळीबाराच्याच दिवशीच्या, एका संभाषणात 500 लिटर डिझेलची मागणी आहे. बचाव पक्ष म्हणणारच, वही शत्रूची, काय वाटेल ते लिहितील. पण सर्ब सैन्याच्याच झ्वोर्निक ब्रिगेडच्या स्वतःच्या दप्तरात त्याच डिझेलची नोंद सापडली. वाहनांच्या लॉगबुकात 17 जुलैला ब्रान्येव्होला खोदकामाचं यंत्र चालल्याचं निघालं. यंत्र चालवणाऱ्याने फक्त आपली ड्युटी भरली होती.

हे वाचताना मला आमच्या घरातली कागदांची बासनं आठवायची. बाबा म्हणायचे, सातबारा खोटा असू शकतो, पण फेरफार कुणी, कोणत्या तारखेला आणि कुणाच्या सांगण्यावरून घातला ते बघ, मग खरं काय ते कळतं. एलएलएमच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा हे मला जास्त उपयोगी पडलं.

आता शब्दांबद्दल. इथे माझी चांगली फजिती झाली होती. एका छोट्या संस्थेत इंटर्न असताना बोस्नियाची राजधानी सारायेव्होच्या वेढ्यावर टिपण लिहायचं होतं. जवळपास चार वर्षं एका शहरावर तोफा आणि स्नायपर रोखलेले. मी बेधडक 'जेनोसाइड', म्हणजे वंशसंहार, लिहून मोकळी झाले. तिथल्या आमच्या वरिष्ठ बाईंनी त्या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला आणि बाजूला एवढंच लिहिलं: हेतू कुठे आहे?

आपल्या वर्तमानपत्रांत नरसंहार, वंशसंहार, वांशिक शुद्धीकरण हे शब्द आलटून पालटून वापरतात. कोर्टात तसं चालत नाही. 1948 च्या वंशसंहारविरोधी करारानुसार एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, तो गट म्हणूनच, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध झाला तरच वंशसंहार. मेलेल्यांच्या आकड्यावरून तो ठरत नाही. सारायेव्होबद्दल तिथल्या वेढ्यातल्या सर्ब सैन्याचा जनरल गालिच याला शिक्षा झाली ती नागरी वस्तीत दहशत पसरवण्याचा युद्धगुन्हा आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांसाठी. अपिलात ती जन्मठेप झाली, म्हणजे 'खालचा' गुन्हा म्हणून कुणी सुटत नाही. बोस्नियन सर्बांचा राजकीय नेता राडोव्हान कराजिच स्रेब्रेनित्साच्या वंशसंहारात दोषी ठरला, पण 1992 मध्ये इतर नगरपालिकांत जे झालं त्याबद्दलच्या वंशसंहाराच्या आरोपातून सुटला. तिथल्या कुटुंबांना हे आजही पचत नाही आणि मला त्यांचं चूक वाटत नाही. तरी टिपण लिहिताना तुम्हाला हेतू दाखवावाच लागेल.

संयुक्त राष्ट्रांवर भाबडा विश्वास असेल तर तो लवकर तपासून घ्या. माजी युगोस्लाव्हियातल्या त्यांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे. हे मला हेगमध्ये एका क्रोएशियन मुलाने सांगितलं, मला ठाऊक नव्हतं! एप्रिल 1993 मध्ये सुरक्षा परिषदेने स्रेब्रेनित्सा 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं. पुढे अशी सहा क्षेत्रं राखायला 34,000 सैनिक लागतील असा अंदाज दिला गेला, परिषदेने मंजुरी दिली सुमारे 7,600 ची. कागदावर सुरक्षित, गावात काही शे डच सैनिक. 1999 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या कार्यालयाने यावर स्वतःवरच कोरडे ओढणारा अहवाल काढला. तो आधी वाचा, मग सुरक्षा परिषदेचे ठराव वाचा. उलट क्रमाने वाचलंत तर ठराव फार भारदस्त वाटतात.

पैशाचं सरळ सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या बऱ्याच इंटर्नशिपला पगार नसतो. माझी एक खोली महिना 480 युरोंची होती आणि शेवटचे तीन महिने मी एका भारतीय खाणावळीत कांदे चिरून काढले. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या रोम करारातून उभं राहिलं, त्याचा भारत सदस्य नाही, आणि तिथे नोकरीसाठी सदस्य देशांच्या लोकांना प्राधान्य मिळतं. कर्ज काढण्याआधी हे घरच्यांना स्पष्ट सांगा. हेग हा एकच रस्ताही नाही. सीरियासाठी 2016 मध्ये आणि म्यानमारसाठी 2018 मध्ये पुरावे गोळा करून जपणाऱ्या यंत्रणा उभ्या राहिल्या, दोन्ही जिनिव्हात. तिथे वकिलांइतकेच भाषांतरकार, संख्याशास्त्राची माणसं, उपग्रहाची चित्रं वाचणारे लागतात. बांगला किंवा बर्मी येणाऱ्या मुलाला माझ्यापेक्षा लवकर काम मिळेल.

साक्षी रात्री वाचू नका. मी वाचायचे, आणि मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचे. त्या दिवसा, ऑफिसात, माणसं आजूबाजूला असताना वाचायच्या.

जमलं तर एकदा तिथे जाऊनही या. मी जुलै 2015 मध्ये स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीला गेले, हत्याकांडाच्या विसाव्या स्मृतिदिनाला. रस्त्याच्या एका बाजूला बॅटरीचा जुना कारखाना, जिथे डच तुकडीचा तळ होता, समोर पांढऱ्या दगडांची दफनभूमी. खुनानंतर काही आठवड्यांनी कबरी यंत्रांनी उकरून प्रेतं दुसरीकडे पुरली होती, त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडतात. डीएनए जुळतील तशी ओळख पटते आणि दरवर्षी 11 जुलैला त्या वर्षी ओळख पटलेल्यांना माती दिली जाते. त्या दिवशी सर्बियाचे पंतप्रधान आले तेव्हा त्यांच्यावर दगड भिरकावले गेले. मी मागे होते, मला फक्त धावपळ दिसली.

मला जास्त आठवतं ते मात्र निकालपत्रात वाचलेलं. कबरींतल्या काही मृतांच्या मनगटावर सिकोची घड्याळं होती, किल्ली न देता हाताच्या हालचालीवर चालणारी. हात हलायचा थांबला की अशी घड्याळं दीड-दोन दिवसांत बंद पडतात, आणि त्यांच्यावर वार आणि तारीख असते. तपास करणाऱ्यांनी त्यावरून मागे मोजत मृत्यूचा दिवस जुळवला.

बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "घड्याळाचा पंचनामा नीट केला होता ना?"

केला होता. स्रेब्रेनित्सासाठी दोषी ठरलेला सर्ब जनरल क्र्स्टिच याच्या खटल्याचं 2 ऑगस्ट 2001 चं निकालपत्र आणि साक्षींची नोंद न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मेसेज करण्याआधी तेवढं वाचून या.